बाबांचं .३२ पिस्तूल कमरेला लावण्याजोगं आहे का? (प्रकल्प नोंदी)

४ डिसेंबर २०२४, बुधवार

विधानसभेची आचारसंहिता उठली आणि आज पोलीस ठाण्यातून पिस्तूल परत मिळालं. ऑक्टोबरमध्ये जमा केल्याची पावती, परवाना, त्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), बॉडीवर कोरलेला नंबर, हे सगळं हवालदारांनी जुळवलं. मग मीही एकदा जुळवून घेतलं. घरी आल्यावर बाबांनी पिवळ्या फडक्यातून पिस्तूल काढून ट्यूबलाइटखाली धरलं. काळंभोर पॉलिश, ओरखडा म्हणून नाही. "बघ, अजून नव्यासारखं आहे," म्हणाले.

दिसतं खरं. पण शेवटचं चालवलं कधी, असं विचारल्यावर त्यांनी बराच वेळ आठवून १९९८ साल सांगितलं.

बाबा आता ७३ वर्षांचे. सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला हयातीतच वारसाच्या नावावर शस्त्र करून देता येतं, तशी तरतूद शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. त्याप्रमाणे सप्टेंबरमध्ये परवाना माझ्या नावावर झाला. पेट्रोल पंप मी गेली अकरा वर्षं सांभाळते. यूपीआयमुळे रोकड कमी झाली, पण उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टरवाल्यांचं डिझेल अजून रोखीतच जातं आणि ती रक्कम घेऊन बँकेपर्यंत नऊ किलोमीटर जावं लागतं. गेल्या फेब्रुवारीत एक मोटरसायकल सलग तीन दिवस आमच्या मॅनेजरच्या मागे सोलापुरातल्या सात रस्ता चौकापर्यंत आली. झालं काहीच नाही. पण तेव्हापासून ती फेरी मी स्वतः करते.

तर काम हे: या पिस्तुलावर भरवसा ठेवावा की नाही, ते तपासून ठरवायचं. दर वेळी चालतं का, मी चाप ओढल्याशिवाय कधीच चालणार नाही ना, आणि माझ्या हाताला, कपड्यांना, इथल्या उन्हाळ्याला ते झेपतं का. चालवायची वेळ कधीच येऊ नये अशी माझी इच्छा आहे. पण जवळ बाळगायचं तर डोळे मिटून बाळगणार नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

सुभेदार काका आले. फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या दलात, आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारे) होते, आता जुळे सोलापुरात आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांच्याकडे परवाना नाही, म्हणून पहिल्याच दिवशी नियम ठरवला: मी समोर असेन तेवढ्याच वेळात पिस्तूल त्यांच्या हातात, आणि राऊंड, म्हणजे काडतुसं, तोवर दुसऱ्या खोलीत कुलपात.

काकांनी पॉलिशकडे पाहिलंसुद्धा नाही. मॅगझिन (मुठीतला राऊंड भरायचा डबा) काढलं, स्लाईड (वरचा सरकता भाग) मागे ओढली, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला राऊंड बसतो तिथे) बघितलं, मग करंगळीचं टोक घालून चाचपलं. मला तेच चार वेळा करायला लावलं. "डोळा फसतो पोरी, बोट फसत न्हाई."

पिस्तूल विलायती, .३२ बोअरचं, सात-आठ दशकांपूर्वीचं. साधं ब्लोबॅक: नळी बॉडीला पक्की, आणि गोळी सुटेपर्यंत स्लाईडला धरून ठेवायला तिचं स्वतःचं वजन आणि एक स्प्रिंग, बस. नळीत बॅटरी मारून पाहिली. आटे स्पष्ट आहेत, चेंबरच्या पुढे थोडे खड्डे पडलेत. जुन्या काडतुसांची टोपी (बुडातली, ठोका बसला की पेटणारी) क्षार सोडायची, साफ न करता ठेवलं की असं होतं, असं काकांचं म्हणणं. नळीचं तोंड मात्र गोल आणि धारदार, ठेचलेलं नाही. नेम त्या तोंडावर अवलंबून असतो. स्लाईड बॉडीवर जरा खुळखुळते. मला वाटलं हाच मोठा दोष असणार, तर काकांनी तो उडवूनच लावला. बॉडी, स्लाईड आणि नळी, तिन्हींवर नंबर एकच आहे आणि प्रूफचे (दाबाची चाचणी झाल्याचे) ठसे जागेवर आहेत, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं.

मग आतून उघडलं. फायरिंग पिनच्या (टोपीवर ठोका देणाऱ्या सुईच्या) भोकात मधासारखा पिवळा, चिकट थर. बाबांना विचारलं तर म्हणाले, दर दसऱ्याला पूजेआधी खोबरेल लावत होतो. पंचवीस-तीस दसऱ्यांचं खोबरेल आत साठून बसलेलं आणि डिसेंबरच्या थंडीत गोठलेलं.

साफ करण्याआधी काकांनी एक परीक्षा घेतली. पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री केली, नळी वर धरली, रबर लावलेली पेन्सिल रबराकडून नळीत सोडली आणि चाप ओढला. पिनने रबराला ठोका दिला की पेन्सिल वर उडायला हवी. आमची दोन बोटं उचलली गेली आणि परत बसली. रॉकेलमध्ये धुऊन, कोरडं पुसून, बंदुकीच्या तेलाचा जेमतेम हात फिरवून तीच परीक्षा पुन्हा घेतली, तर पेन्सिल टेबलाच्या पलीकडे जाऊन पडली.

बाबा सगळा वेळ खुर्चीत बसून होते. खोबरेलाच्या गोष्टीने त्यांना वाईट वाटलं असणार. काका म्हणाले, "अण्णा, तुम्ही ते गंजू दिलं न्हाई, हेच लई झालं."

१२ डिसेंबर, गुरुवार

चापाचं वजन मोजलं. प्रवासी बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा चापाला अडकवून सरळ मागे ओढायचा आणि घोडा पडतो तेव्हाचा आकडा टिपायचा. दहा वेळा केलं. सगळे आकडे २.३ ते २.६ किलोच्या आत. वजनापेक्षा हा सारखेपणा महत्त्वाचा. एकदा दोन किलो आणि एकदा चार असं आलं असतं तर आत काहीतरी झिजलंय असं समजायचं.

सेफ्टी लावून चाप जोरात दाबला: घोडा हलला नाही. सेफ्टी काढली, चापाला हात न लावता: तरीही हलला नाही. चढवलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने ढकललं: सुटला नाही. इथवर उत्तम.

पण एक गोष्ट तपासून बदलणार नाही. या बनावटीत पिनला अडवणारा वेगळा खटका नाही. आजच्या चांगल्या पिस्तुलात चाप पूर्ण ओढल्याखेरीज पिन पुढे सरकूच शकत नाही, असा अडसर असतो. यात तो नाही. चेंबरमध्ये राऊंड असताना हे पिस्तूल नळीच्या तोंडावर फरशीवर पडलं तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन टोपीवर आदळू शकते. म्हणून हे बाळगायचं तर चेंबर रिकामं ठेवूनच. या मुद्द्यावर काकांनी चर्चाच होऊ दिली नाही, आणि मलाही ती करायची नव्हती.

२० डिसेंबर, शुक्रवार

आजचा दिवस मॅगझिनचा. दोन आहेत. एक मूळचं, तळाला ठसा असलेलं. दुसरं बाबांनी नव्वदच्या दशकात कुणाकडून तरी घेतलेलं, त्यावर खूण म्हणून नाही.

पिस्तूल बघायला येणारे नळी बघतात, मूठ बघतात, मॅगझिन कुणी हातात घेत नाही. अडकण्याची निम्म्याहून जास्त कारणं तिथेच असतात असं काका सांगतात, आणि एक दिवस त्याच्याबरोबर घालवल्यावर मला ते पटलं. वरचे दोन्ही ओठ समान वाकलेले हवेत. तळातली पट्टी बोटाने दाबून कडेला सोडली तरी न अडकता वर यायला हवी. रिकामं मॅगझिन बटण दाबल्यावर स्वतःच्या वजनाने खाली पडलं किंवा खटक्याने धरलं, दोन्ही चालेल. भरलेलं मात्र हलता कामा नये.

.३२ ची स्वतःची एक अडचण आहे. हे काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्ररचनाकाराने १८९९ साली काढलं आणि त्याच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड ठेवली. केस बुडाशी साधारण ८.५ मिमी, कड ९.१ मिमी. वरच्या राऊंडची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मग स्लाईड कितीही ओढा, राऊंड वर येत नाही. त्यामुळे भरताना प्रत्येक राऊंडची कड खालच्याच्या पुढे बसली की नाही ते पाहायचं. शिवाय मॅगझिनमध्ये राऊंडला मागेपुढे सरकायला जागा किती आहे तेही बघायचं. मूळच्या मॅगझिनमध्ये डमी (दारू नसलेले, सरावाचे) राऊंड जेमतेम हलतात. दुसऱ्यात नखभर सरकतात, आणि हाताने स्लाईड ओढून आठ डमी काढताना दोन वेळा अडकले.

५ जानेवारी २०२५, रविवार

पहाटे साडेचारला निघालो, परवाना असलेली नेमबाजीची रेंज पुण्याकडे आहे. परवान्याचं क्षेत्र महाराष्ट्रभर असल्याने नेता आलं. पिस्तूल रिकामं, केसमध्ये. राऊंड वेगळ्या डब्यात. सोबत भाकरी-चटणी.

साठ राऊंड नेले होते, खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे, बुडावर केएफ ही त्याची खूण. परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत वर्षभराचा हिशेब बसवायचा असल्यामुळे प्रत्येक राऊंडची नोंद केली.

मूळचं मॅगझिन, चाळीस राऊंड. पहिले तीस सलग गेले. रेंजच्या कागदावर दहा मीटरवरून माझे बहुतेक ठोके ताटाएवढ्या वर्तुळात, काकांचे वाटीएवढ्या. म्हणजे पिस्तूल नेमाला चांगलं आहे, कमी मी पडते. एकतिसाव्याला घोडा पडला, आवाज नाही. काकांनी लगेच हात वर केला: नळी समोरच, कुणी हलायचं नाही. तीस सेकंद मोजून मगच स्लाईड ओढली. टोपीवर खड्डा होता, पण उथळ. आधीच्या रिकाम्या केसेस शेजारी ठेवून भिंगाने पाहिलं: त्यांच्यावर खोल, गोल खड्डा, याच्यावर नुसतं टेकवल्यासारखं. राऊंडचा दोष नव्हता, ठोकाच कमी पडला होता.

उरलेले नऊ नीट गेले. दुसरं मॅगझिन लावलं, दहात तीनदा अडकलं, गोळीचं नाक खाली जाऊन. तिथेच थांबवलं. उरलेले दहा तसेच परत आणले.

गाडीत मी काकांना विचारलं, चाळीसात एक म्हणजे वाईट का? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कागदावर मारायला बेस हाय. कमरेला न्हाई." .३२ च्या गोळीचं वजन ४.६ ग्रॅम, वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास. ऊर्जा १७० ज्यूलच्या घरात. ९ मिमी पिस्तुलाच्या साधारण तिसरा हिस्सा, आणि ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, सामान्य परवान्यावर मिळत नाही. मुळात ताकद कमी असलेल्या हत्याराने निदान चुकू तरी नये.

१५ जानेवारी, बुधवार

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. होम मैदानाकडचे रस्ते बंद, पंपावर रांगा. प्रकल्पाचं काम काही नाही. घोड्याची स्प्रिंग बदलायला दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे पिस्तूल दिलं, पावती घेतली. दुसरं मॅगझिन बाबांना विचारून मोडीत काढलं.

२२ जानेवारी, बुधवार

दुरुस्ती होईपर्यंत नवी पिस्तुलं बघून घेऊ म्हणून काकांबरोबर दुकानात. पूर्वी श्रीमंत लोक विलायतीच शोधायचे. ऐंशीच्या दशकात खाजगी आयात थांबल्यापासून जी जुनी देशात आहेत तीच हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव लाखांत. तो भाव दुर्मिळतेचा आहे, चांगुलपणाचा नाही, हे मी आता स्वतःच्या पिस्तुलावरून सांगू शकते.

दुकानदारांनी आधी माझ्यासमोर निर्भीक रिव्हॉल्व्हर ठेवलं. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये आणलं, टायटॅनियमचं, पाचशे ग्रॅमचं, बायकांसाठी म्हणून ज्याचा गाजावाजा झाला ते. रिव्हॉल्व्हरचा एक मोठा गुण आहे: टोपी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचा राऊंड समोर येतो. तो गुण मी मान्य करते. पण मूठ माझ्या हातात बसेना, आणि सिलिंडरची जाडी कुर्त्याखाली लपत नाही. हत्यार हाताच्या मापाने निवडावं, बाई की पुरुष यावरून नव्हे. माझ्याच पंपावरच्या दोन मुलांचे पंजे माझ्यापेक्षा लहान आहेत.

मग देशी बनावटीचं नवं .३२ पिस्तूल. एकाच मॉडेलचे तीन नग शेजारी ठेवून पाहिले आणि तिघांत फरक निघाला. एकाची नेम धरायची पुढची माशी डोळ्याला कळेल इतकी डावीकडे. दुसऱ्याच्या स्लाईडच्या खालच्या कडा इतक्या धारदार की बोटावर पांढरी रेघ उठली. तिसऱ्याचं पॉलिश सगळ्यांत फिकं, पण चाप गुळगुळीत, मॅगझिन ठामपणे बसतं आणि स्लाईड काढून फायरिंग पिन मागून दाबली तर पुढे येत नाही. अडसराचा खटका काम करतोय. पहिली ओढ लांब आणि जड, पुढच्या हलक्या. जड ओढीबद्दल मला तक्रार नाही. घाबरलेल्या बोटाला तेवढी आडकाठी असावी.

एक अडचण: स्लाईडची स्प्रिंग फार कडक. ब्लोबॅकमध्ये ती तशीच असते. डाव्या हाताने नुसतं ओढून जमेना. काकांनी शिकवलं: स्लाईड जागेवर धरायची आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. दहापैकी नऊदा जमलं.

९ फेब्रुवारी, रविवार

त्याच मॉडेलचं पिस्तूल असलेले एक ओळखीचे गृहस्थ रेंजवर भेटले, त्यांच्या देखरेखीखाली वीस राऊंड चालवले. वीसच्या वीस. वीस म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. त्यांनी स्वतःचे चार वर्षांचे आकडे सांगितले, पण ती त्यांची आठवण. माझ्या वहीत ती मोजणार नाही. ठोके जरा उजवीकडे गेले, अंगठ्यामागची कातडी स्लाईडने खरचटली. मूठ एक बोटभर खाली धरायची सवय करायला हवी.

१० ते १६ मार्च

हा आठवडा मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला आणि त्यात पिस्तुलाला हातही लावला नाही.

सुताराकडून शिसवीचा एक चपटा ठोकळा करून घेतला, दुकानात पाहिलेल्या नव्या पिस्तुलाच्या लांबी-उंची-जाडीचा, आत शिसं भरून तेवढ्याच वजनाचा. तो कमरेच्या पट्ट्याला उजव्या बाजूला, कुर्त्याखाली, सात दिवस. सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र न्यायचं तर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात, असं नियम सांगतात. म्हणजे लपणं ही माझी हौस नाही, कायद्याचीच अट आहे. ती पाळता येते का हेही हत्याराच्या तपासणीत धरायला हवं.

सोमवारी साधा सुती कुर्ता, वर ओढणी: सकाळी टाकीत डिपची (इंधन मोजायची) काठी घालायला वाकले की ठोकळ्याचं टोक पाठीमागे उठून दिसायचं. मंगळवारी तो दोन बोटं पुढे आणला, वाकणं जमलं, पण स्कूटरवर बसले की मांडीत रुतायचा. बुधवारी जाड कापडाचा, बाजूला उंच चीर असलेला कुर्ता, हा चालला. पंपावरच्या कुणाच्याही लक्षात आलं नाही, फक्त आईच्या आलं. गुरुवारी साडी नेसून पाहिलं आणि दुपारपर्यंत सोडून दिलं. शुक्रवारी धुळवड, बँक बंद.

पारा अडतीसच्या पुढे. संध्याकाळी पट्टा काढला तर ठोकळ्याची अंगाकडची बाजू घामाने काळपट ओली. लाकडाची ही गत तर लोखंडाची काय होईल? काकांचं उत्तर: रोज रात्री पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, आणि चामड्यात कधी ठेवून द्यायचं नाही, चामडं ओल धरतं. होल्स्टरसाठी एका कारागिराला माप दिलंय. चापाची कमान पूर्ण झाकली पाहिजे आणि उलटं धरून हलवलं तरी ठोकळा पडता कामा नये, एवढ्या दोन अटी.

शनिवारी आणखी एक निर्णय झाला. पंपाच्या आवारात पेट्रोलची वाफ असते, तिथे मोबाइलवर बोलू देत नाही आपण. पिस्तूल दिवसभर कमरेला ठेवून नोझलजवळ वावरणं बरोबर नाही. ते ऑफिसच्या तिजोरीत राहील, बँकेच्या फेरीलाच निघेल आणि परत तिथेच जाईल.

घरी ठोकळ्यावर कवायत केली: कुर्ता वर, हात मुठीवर, बाहेर. रोज तीस वेळा. मग बाबांच्या रिकाम्या पिस्तुलावर तेच, स्लाईड ओढण्यासकट. चेंबर रिकामं ठेवायचं म्हणजे दोन्ही हात मोकळे असायलाच हवेत. एका हातात रोकडीची बॅग आहे. ही गोष्ट डिसेंबरमध्ये कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

२३ मार्च, रविवार

नवी स्प्रिंग घातलेलं बाबांचं पिस्तूल पुन्हा रेंजवर. पन्नास राऊंड, मूळचं मॅगझिन. पन्नासच्या पन्नास. खड्डे सगळे खोल, एकसारखे. काकांनी केसेस ओळीने मांडून माझ्याकडून मोजून घेतल्या.

मला फार आनंद झाला, हे लिहून ठेवते. बाबांना फोन केला तर पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही, मग म्हणाले, "म्हणजे खोबरेलच होतं तर."

१२ एप्रिल, शनिवार

निकाल. बाबांचं पिस्तूल चालतं. पण पिनला अडसर नाही, म्हणून चेंबर रिकामं. चेंबर रिकामं म्हणून दोन हात. आणि माझ्या त्या फेरीत दोन हात नसतात. कमरेला हे लावणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोन शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा ते विकायची गरज नाही. दुसऱ्या शस्त्राच्या नोंदीसाठी पोलीस आयुक्तालयात अर्ज दिला आहे. परवानगी आली की दुकानातला तो तिसरा नग, पॉलिश फिकं असलेला. तो घेतल्यावरही माझ्या हातून शंभर राऊंड न अडकता जाईपर्यंत तिजोरीतच राहील. तोवर बँकेची फेरी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या रस्त्याने, मॅनेजरला सोबत घेऊन.

आत्याच्या दिरांनी विचारलंय, मे महिन्यात लग्नाला येताना "बार काढायला" पिस्तूल आणशील का. आनंदात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते सांगितलं नाही, नुसतं नाही म्हटलं.

संध्याकाळी बाबांनी पिस्तूल मागितलं. मॅगझिन काढलं, स्लाईड ओढली, बघितलं, आणि काकांसारखी करंगळी आत घातली. मग फडक्याऐवजी नव्या कोरड्या कापडात गुंडाळून स्वतःच्या हाताने तिजोरीत ठेवलं. शिल्लक राऊंड वीस. पुढची रेंज २७ एप्रिल, बाबाही येणार आहेत.